गमरेंचा तिखट डबा

गमरेंचा डबा उघडला की मी टेबलाखाली शिरायचो.

अतिशयोक्ती नाही. खुर्ची मागे, गुडघे जमिनीवर, नाकाला रुमाल आणि मग टेबलाखालून, हौशी नाटकांत कमावलेल्या आवाजात, माझी घोषणा: "गळती! गळती! वारा बघा! आडव्या दिशेने पळा!" चिपळूणजवळ, लोटे गावातल्या ज्या केमिकल कंपनीत आम्ही नोकरीला होतो, तिथे वायुगळतीची कवायत दर महिन्याला व्हायची. भोंगा वाजला की आवारातल्या खांबावर फडफडणारी कापडी नळी बघायची, वारा कुठून येतोय ते ठरवायचं आणि त्याला आडवं पळायचं. ती कवायत मी गमरेंच्या डब्याला लावली होती. खातू तोंडाने भोंगा वाजवायचा. बर्वे, आमचे गंभीर चेहऱ्याचे सीनियर केमिस्ट, पाण्याची बाटली छातीशी धरून डोळे मिटायचे. नवीन माणूस लागला की त्याच्यासाठी हा प्रयोग खास व्हायचा. सगळ्यांत मोठ्याने हसायचे ते स्वतः गमरे. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे आणि म्हणायचे, "बसा बसा. झेपायचं नाय तुम्हाला."

'ठसका' हे त्यांचं नावसुद्धा मीच ठेवलं होतं. कंपनीत निम्म्या लोकांना त्यांचं दुसरं नाव ठाऊक नव्हतं.

आम्ही चौघेही लॅबमधले. गमरे लॅब असिस्टंट होते. प्लांटमधून नमुन्यांच्या बाटल्या आणायच्या, चिठ्ठ्या लावायच्या, काचसामान धुऊन उपडं घालायचं, हे त्यांचं काम. माणूस बुटका, टापटीप, पायात कायम पॉलिश केलेले बूट. पहिल्या पाळीला कंपनीची बस अलोऱ्याहून निघायची, तिथे ते पहिले चढायचे. चिपळूणला आम्ही चढेपर्यंत त्यांची एक झोप झालेली असायची. आम्ही दिसलो की नमस्कार नाही, कसे आहात नाही. एकच प्रश्न: "काल काय होतं?"

म्हणजे रात्री जेवायला काय होतं. हा प्रश्न ते डॉक्टरने नाडी धरावी तसा विचारायचे. "मुगाची खिचडी" म्हटलं की, "कोण आजारी?" खातू एकदा "ब्रेड-आम्लेट" म्हणाला तर गमरेंनी खिडकीबाहेर बघत विचारलं, "वहिनी माहेरी गेल्या की तुम्ही घालवल्यात?" खातू तीन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. कारण दुसरं उत्तर बरोबर होतं.

खाण्याबद्दल त्यांची मतं ठाम होती, आणि काही मतं तर आमच्या जिल्ह्यात उघड बोलण्यासारखी नव्हती. त्यांना हापूस आवडायचा नाही. मांडवीच्या बंदरावर आमची सहल गेली होती, तिथे पेट्या घेऊन बसलेल्या एका बागायतदाराच्या तोंडावर त्यांनी हे सांगितलं. "हापूस गोड बोलतो हो. रायवळ खरं बोलतो. आंबट असला तर आंबट, दोरे असले तर दोरे." तो बागायतदार त्यांच्याकडे असा बघत राहिला, जणू माणसाने सगळ्यांसमोर स्वतःच्या बापाचं नाव टाकलं. फणसाची भाजी त्यांना नको असायची, घावने चालायचे, पण गुळाशी नाही. साबुदाण्याला ते "उपाशी माणसाची चेष्टा" म्हणायचे.

आमच्या डब्यांवर मात्र त्यांचं प्रेम. माझ्या घरची गूळ घातलेली आमटी त्यांना इतकी आवडायची की बुधवारी ती नसली तर ते माझ्या बायकोची चौकशी करायचे. बर्व्यांच्या डब्यातली अळूची भाजी तोंडात घोळवून एकदा म्हणाले, "बर्वे, आज नारळ कालचा आहे. आणि फोडणी दुसऱ्या कुणाच्या हातची." बर्व्यांकडे सासूबाई आल्या होत्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या टेबलावर आमच्या संसारांची पत्रिका मांडली जायची आणि ज्योतिषी होते गमरे.

त्यांची एक पद्धत होती. आमच्या डब्यात ते कधी चमचा घालायचे नाहीत. स्वतःच्या डब्याचं झाकण उलटं करून पुढे धरायचे आणि म्हणायचे, "वरून घाला." आम्ही वरून घालायचो. आमटी असली तर जरा उंचावरून, म्हणजे धार पडायची. किती स्वच्छ माणूस, असं मी एकदा घरी सांगितल्याचं मला पक्कं आठवतं.

आता पहिला दिवस सांगायला हवा. सांगायची हौस मला नेहमीची, पण हा दिवस मी इतकी वर्षं कुणाला सांगितला नाही.

कोकणात माणसाची जात विचारण्याइतकं असभ्य कुणी नसतं. आम्ही वाडी विचारतो. गमरे नवीन लागले त्या दिवशी सकाळी बसमध्ये खातूने अगदी प्रेमाने विचारलं, "अलोऱ्यात कुठल्या वाडीत घर तुमचं?" गमरे म्हणाले, "बौद्धवाडीत." खातू म्हणाला, "वा, छान." छान काय होतं ते त्यालाच ठाऊक. दुपारी आम्ही टेबलावर डबे उघडले, एकमेकांत सरकवले, आणि गमरेंनीही त्यांचा डबा मध्ये सरकवला. तांदळाची भाकरी होती आणि काळ्या वाटाण्याची उसळ. वास सुरेख होता.

एकही हात पुढे गेला नाही. बर्वे चष्मा पुसायला लागले. खातूला आपला सोमवार आठवला. तोपर्यंत त्याने माझी अर्धी भाजी संपवली होती. मी हसलो. मला दुसरं काय येतं? फार तर दोन सेकंद गेले असतील. मग गमरेंनीच डबा झटकन मागे ओढला आणि कपाळावर हात मारला. "अहो थांबा! विसरलोच. आमच्याकडे मिरचीला हिशेब नाय. जिवंत माणसाला जाळेल. तुम्हाला झेपायचं नाय!"

काय मोकळं वाटलं म्हणून सांगू! बर्व्यांनी चष्मा लावला. "अरे बापरे, तिखट का?" सगळे एकदम बोलायला लागलो. कुणाला ॲसिडिटी होती, कुणाला मूळव्याधीची भीती. आणि मी? मी दुसऱ्याच दिवशी टेबलाखाली शिरलो.

सोळा वर्षं तो डबा टेबलावर उघडला गेला, आणि सोळा वर्षांत त्यातला एक घास आमच्यापैकी कुणी खाल्ला नाही. त्याची गरजच पडली नाही. प्रयोग इतका रंगायचा की तेवढ्यात जेवणाची सुट्टी संपायची.

गमरे मार्चअखेर निवृत्त झाले. कंपनीने शाल आणि नारळ दिला, भाषणं झाली, मी ठसक्याची नक्कल करून हशा घेतला. समारंभ संपल्यावर ते आमच्या तिघांजवळ आले. बूट नेहमीपेक्षा चकचकीत. "एक मागणं आहे," म्हणाले. "रविवारी तिघं घरी जेवायला या. बर्व्यांसाठी सगळं शाकाहारी करतो. ओले काजू आलेत." आणि मग, माझ्याकडे बघत: "तिखट कमी घालायला सांगतो."

आम्ही तिघंही म्हणालो, "म्हणजे काय, येणारच!"

रविवारी सकाळी बर्व्यांचा गुडघा धरला. खातूच्या बायकोच्या मावसभावाचा साखरपुडा अचानक ठरला. मला कारण सुचलं नाही, हे खरं आहे. सुचलं असतं तर मीही गेलो नसतो. एसटीने अलोऱ्याला उतरलो, कोयना प्रकल्पाच्या वसाहतीतल्या ओस पडत चाललेल्या क्वार्टर ओलांडून वाडीत गेलो. गमरे रस्त्यावरच उभे होते. त्यांनी माझ्या मागे बघितलं. मग आणखी थोडं मागे बघितलं. "या," म्हणाले.

आत चार ताटं मांडली होती. कुणी काही बोलायच्या आत गमरेवहिनींनी दोन उचलली. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी ती पदरात धरून नेली.

आम्ही दोघं बसलो. ओल्या काजूची उसळ, तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, सोलकढी, शेवटी खीर. मी पहिला घास घेतला. नाटकातला माणूस मी, खोकल्याची तयारी करूनच घेतला.

उसळ मऊ होती, नारळाची, किंचित गोडसर. माझ्या आईने केली असती तर याहून तिखट झाली असती.

"वहिनी, माझ्यासाठी फारच सौम्य केलंत!" मी ओरडलो. "आज ठसक्याची अब्रू गेली!"

वहिनी भाकरी वाढता वाढता थांबल्या. "तुमच्यासाठी नाय हो. आमच्याकडे रोजचंच हे. यांना तिखट चालतंय कुठे? लग्नाआधीपासून पोटाचं दुखणं. पोरं लहानपणापासून वरून चटणी घेतात."

"मग डब्यात…"

"डब्यात पण हेच."

गमरे ताटाकडे बघत काजू निवडत होते. वहिनी आत गेल्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं. सोळा वर्षं नवरा घरी येऊन काय सांगत होता? तुझ्या हाताला किती नाव आहे, असं?

"गमरे," मी म्हणालो, "हे काय?"

"पहिल्या दिवशी मी डबा मध्ये सरकवला होता. आठवतं?"

"नाही," मी म्हणालो. खोटं बोललो.

"मला आठवतं. बर्वे चष्मा पुसत होते. खातूला उपास लागला. तुम्ही हसलात. गोड हसलात, पण हात टेबलाखाली होते." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मला दोन वाटा होत्या. डबा उचलायचा नि बाहेर झाडाखाली जाऊन बसायचं. नायतर तुमची सुटका करायची. मला एकट्याला जेवण जात नाय, नाटकवाले. बोलायला माणूस लागतो."

"अहो, पण मग कधी सांगायचंत तरी! आम्ही खाल्लं असतं."

गमरे हसले. "खाल्लं असतंत?"

आत नळाचं पाणी भांड्यात पडत होतं. मी सोलकढी प्यायलो.

"मी फक्त तिखट आहे म्हणालो होतो," ते म्हणाले. "कवायत तुम्ही बसवलीत."

"तुम्ही हसायचात की! सगळ्यांत जास्त!"

"हसणार नाय तर काय करणार? टेबल माझंपण होतं ना."

हे सगळं ते उसळीत मीठ कमी आहे हे सांगावं तशा आवाजात बोलले. रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. रागावर मला उत्तर देता येतं. हात जोडता येतात, गळा काढता येतो. हे ऐकून मी खिरीची वाटी पुढे ओढली. शेवटी, खीर संपल्यावर, मला वाटलं की आता काहीतरी मोठं करायला हवं. मी उभा राहिलो आणि हात पसरून म्हणालो, "गमरे, झालं गेलं विसरा. आता तुम्ही माझ्याकडे यायचं. वहिनींना घेऊन. माझ्या घरी, माझ्या पंगतीला!"

"कधी?" गमरे म्हणाले.

"कधीही!"

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि माझ्या हातात दिलं. "दिवस सांगा."

आमच्या घरी स्वयंपाकघर आईचं होतं. ब्याऐंशी वर्षांची, कानाने तिखट, घरात वायरमन आला तरी वाडी विचारणारी. तिची पिण्याच्या पाण्याची कळशी वेगळी. मी एप्रिलचं पान बघितलं. "पुढच्या रविवारी आमच्याकडे…" म्हणालो आणि मे उलटला. "मे महिन्यात पुण्याहून पाहुणे असतात." जून उलटला. "पावसात तुम्हाला यायला उगाच त्रास."

"एसटी आहे की," गमरे म्हणाले.

मी जुलैवर थांबलो. जुलैत एकादशी होती, एकादशीवर बोट ठेवलं, उचललं. मी वाट बघत होतो. मला ठाऊक होतं की हा माणूस आता कपाळावर हात मारील आणि म्हणेल, अहो विसरलोच, आम्ही जुलैत मुलाकडे पनवेलला जाणार. दोन सेकंद गेले, दहा गेले. गमरे माझ्यासमोर उभे होते, शांत, जेवून तृप्त झालेल्या माणसासारखे, आणि या वेळी ते मला सोडवत नव्हते.

"फोन करतो," मी म्हणालो.

"करा."

त्यांनी कॅलेंडर माझ्या हातातून घेतलं, उलटलेली पानं एकेक करून सरळ केली, एप्रिल वर आणला आणि ते परत खिळ्याला लावलं. मग मला सोडायला स्टँडपर्यंत आले. वाटेत नेहमीसारखं, काल रात्री काय होतं, त्यावर बोललो. एसटी सुटेपर्यंत ते उभे होते.

याला आता तीन वर्षं झाली. आई गेल्या वर्षी गेली. फोन मी अजून केलेला नाही.