रंगाखालचा बोल्ट

दिगंबरने मला फसवलं. तो जाऊन महिना झाला, आणि गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं हे मला कळतं. पण आदिलाबादेत गाड्यांची वायरिंग करणाऱ्या या माझ्या मित्राने मला नऊ वर्षं अंधारात ठेवलं, हे लिहिल्याशिवाय पुढचं चांगलं लिहिता येणार नाही. तो गेल्याचा निरोप आला तेव्हा मी बाजारात टोमॅटोच्या भावावरून भांडत होतो. भांडण तसंच सोडून निघालो... आयुष्यात पहिल्यांदा.

जवळच्या मावला गावाहून डोक्यावर भाजीची पाटी आणून मी धंदा उभा केला. सत्त्याऐंशी साली मुधोळच्या साडूकडून त्याच्या वडिलांची जुनी विलायती मोटार घेतली आणि लगेच रंगवायला दिली. ठरल्या पैशांतच बॉनेटखालच्या पत्र्यालाही रंग हवा, असा हट्ट धरला. "बोटभर जागा सोडायची नाही," असं रंगाऱ्याला बजावून शेजारी खुर्ची टाकून बसलो. महिन्याभरात अल्टरनेटर तापू लागला. बॅटरी चार्ज करणारं ते यंत्र असं तापायचं, की हात लावण्याची सोय नव्हती. दोन बदलले, दोन्ही जळाले. मग दिगंबरला बोलावलं.

त्याने काहीच खोललं नाही. इंजिन चालू ठेवून एकेका वायरवरून उलटा हात फिरवत गेला, आजारी बैलाचं अंग बघावं तसा. "अल्टरनेटर काऊन जाळता, शेट? त्याचा दोष नाई. त्याले कोनीतरी राबवून राह्यलं."

"कोण?"

"पाहू तर द्या! गाडी गरम होऊन राह्यली का तुमी?"

मला त्या कामाचं भारी नवल वाटायचं. मी खोदून खोदून विचारायचो, आणि तो न कंटाळता सांगायचा. "करंट वायरनं जाते अन् गाडीच्या पत्र्यातून वापस येते. वापसीच्या वाटेत अडलं, का अल्टरनेटरले वाटते बॅटरी उपाशीच हाय. मंग तो बिचारा वाढतच राह्यते." तिसऱ्या दिवशी गाडी थंड झाली. वाट कुठे अडली होती, असं विचारलं तर हात पुसत म्हणाला, "जुनी गाडी हाय, शेट..."

तेवढ्यावरून मी साडूला गुन्हेगार ठरवलं. सडक्या वायरिंगची गाडी गळ्यात मारली म्हणून मुधोळला जाऊन त्याच्या दारात तमाशा केला. तेव्हापासून माझी बायको सख्ख्या बहिणीच्या घरची पायरी चढली नाही. दिगंबरला हे ठाऊक होतं. दर खेपेला तो विचारायचा, "मुधोळले गेल्ते का?" मी शिव्या द्यायचो, तो बॉनेटमध्ये डोकं घालायचा. पण काम सुरू करण्याआधी तिथल्या एका बोल्टवर अंगठा दाबून बघायचा. नेहमी तोच बोल्ट. का, ते कधी सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात अल्टरनेटर पुन्हा तापला. दुसऱ्या कोणाच्या हाती गाडी द्यावीशी वाटेना. मीच उलटा हात फिरवत गेलो, आणि त्याच बोल्टापाशी चटका बसला. बॅटरीची जाड तार तिथे पत्र्याला जोडलेली होती. बोल्ट खोलला. खाली रुपयाएवढी जागा दिगंबरने कधीकाळी पत्र्यापर्यंत खरवडलेली, आता गंजलेली... आणि तिच्याभोवती माझा निळा रंग, बोल्ट काढून त्याखालीही लावलेला, बोटभरही जागा न सोडलेला. रंगातून करंट जात नाही; वाट साडूने नव्हे, मीच अडवली होती.

गंज घासला, बोल्ट आवळला. गाडी थंड आहे. बायकोला सगळं सांगितलं. ती पिशवी भरून ओट्यावर येऊन बसली.

दिगंबर, माझ्या रागाला भ्यालास, की माझी मान खाली जाऊ नये म्हणून गप्प बसलास? रोज विचारतो आहे. आज साडूच्या दारात मी निम्मा दोष कबूल करीन, त्याहून जास्त नाही. उरलेल्या निम्म्याचा जबाब तू दे.