नाल्यातलं विरजण

घणसोली गावात मी भाड्यानं राहायचे, तेव्हा घरमालकीण काकींच्या फ्रिजमध्ये विरजणाची वाटी कायम असायची. चाळीतल्या कुणीही मागावं, काकींनी द्यावं. त्यांचे नियम दोनच: मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, आणि दिवेलागणीनंतर द्यायचं नाही. पहिला मला पटायचा. दुसऱ्याला मी हसायचे.

त्याच काकींच्या बोअरवेलला एक दिवस कुलूप लागलं. शेजारच्या गाळ्यात मशीनचे सुटे भाग धुवायचे. ग्रीस काढायचं क्लोरीनवालं द्रावण वर्षानुवर्षं मागच्या मातीत ओतलं गेलं आणि खालच्या पाण्यात उतरलं. गाळा बंद झाला, मालक गेला, विष राहिलं.

"तू त जंतूंचीच नोकरी करतंस ना," काकी म्हणाल्या. "मंग माजा पानी साफ करून दे."

मी हो म्हणून बसले. एकदा हो म्हटलं की मला माघार जमत नाही. घरचे याला हट्ट म्हणतात. म्हणोत.

रबाळ्याच्या एका लहानशा प्रयोगशाळेत मी नाल्याच्या चिखलातले जिवाणू वाढवत होते. त्या द्रावणातले क्लोरीनचे अणू ते एकेक करून काढतात आणि त्यावरच जगतात. बरेच जिवाणू काम अर्ध्यावर टाकतात, आणि तिथं जे उरतं ते मूळ विषाहून वाईट असतं. माझे मात्र शेवटपर्यंत जायचे. शेवटी उरायचा तो साधा वायू, आढीत आंबे पिकताना सुटतो तोच. या माझ्या लाडक्यांना सोसत नाही ती फक्त हवा. म्हणून बाटलीत एक रंगद्रव्य घालतात. हवा नसेल तर पाणी बिनरंगी, हवा शिरली की गुलाबी.

कॉलेजातली माझी एक मैत्रीण पनवेलला शिकवते. तिनं यातली एक बाटली मागितली. प्रयोगशाळेच्या साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "वर्ष गेलं आपलं यात. असं वाटत सुटायचं?"

"विरजणाला नाही म्हणत नाहीत, सर." मी दोन दिवस त्यांचं डोकं खाल्लं.

"दे बाई," ते शेवटी म्हणाले. "पण उद्या ती आपल्या पुढे गेली तर माझ्याकडे येऊन रडायचं नाही."

काकींच्या बोअरमध्ये जिवाणू सोडायचा दिवस ठरला आणि त्याच आठवड्यात, सोमवारी सकाळी, मी कपाट उघडलं. सगळ्या बाटल्या गुलाबी. हवा बाहेर ठेवायला बाटल्यांत नायट्रोजन भरतात; त्या सिलिंडरची नळी चिरली होती, आणि शनिवारी त्याच नळीनं मी एकूणएक बाटली भरली होती. मी तिथंच फरशीवर बसून रडले. एवढा सुंदर रंग, पण मला त्याची शिसारी आली.

"बंद करू या," साहेब म्हणाले. "परत वाढवायला आणखी वर्ष जाईल."

"नाही," मी म्हटलं आणि पर्स उचलली.

पनवेलला पोचले तेव्हा मैत्रिणीच्या इमारतीत दिवे लागत होते. तिच्या कॉलेजची प्रयोगशाळा समोरच. कपाटात माझी बाटली होती, शेजारी तिच्यापासून केलेल्या आणखी चार. सगळ्या पाण्यासारख्या स्वच्छ. मी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. इतकी वर्षं हसले, आणि आता काकींचा दुसरा नियम आडवा आला.

"काय झालं?"

मी सांगितलं. ती कोकणी मुसलमान घरातली, खो खो हसली. "आमच्याकडे असलं काय नसतं. घे मुकाट. आणि दोन ने, एकीवर काय भरवसा?"

महिन्याभरानं जिवाणू बोअरमध्ये गेले. पुढचे नमुने मी स्वतःच काढत राहिले. आधी मूळ द्रावण घटलं, मग अर्ध्यावरचं ते वाईट विष वाढलं, आणि साहेबांचा चेहरा पडला. मी म्हटलं, थांबा. पुढच्या नमुन्यात तेही उतरू लागलं होतं आणि आंब्यांचा तो वायू दिसत होता.

ते सांगायला मी काकींकडे गेले. कुलूप अजून आहे, पाणी पुरतं साफ व्हायला वेळ लागेल, हेही सांगितलं. नळी चिरल्याचं, पनवेलचं, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"आनि परत मेलं त?"

"मरू देत. आता पनवेलला आहेत, ठाण्याला दिलेत, साहेबांनी स्वतः पुण्याला पाठवलेत."

काकी उठल्या आणि बोअरजवळ पडलेली रिकामी कळशी घासायला घेतली.