मिरचीचं पथ्य

वडील गेले, हकीमसाहेबही गेले. आता खरं सांगितलं तर बिघडेल ते माझंच, आणि थोडं बिघडायलाच पाहिजे.

पंधराव्या वर्षी मला मूळव्याध झाली होती. हे वाक्य लिहायला निम्मं आयुष्य गेलं.

शिरपूरच्या वेशीबाहेर आमचा भाजीचा मळा. वांगी, मेथी असायचीच, पण नाव मिरचीचं. बाजाराच्या दिवशी आम्ही बसायचो त्याच्या समोरच हकीमसाहेबांचा दवाखाना. मी सबंध बाजार उभ्यानंच मिरची विकतो, हे त्यांनी हेरलं आणि मला आत बोलावलं.

"बसत काहून नाही, बेटा?"

मी सांगितलं. थोडा रडलोही. पोरांना कळलं असतं, तर लग्नाच्या मांडवातसुद्धा त्यांनी मला त्याच नावानं हाक मारली असती.

"बाबाले सांगू नका," मी म्हणालो. "त्याले सांगतलं का बाजारले सांगतलं."

"दुखणं तुझं. मी कायले सांगू?" त्यांनी पुड्या बांधल्या. "मिरची बंद, ताक पी. सुरण याच्यावर गुणाचा, पण घरात नेऊ नको. सुरण दिसला का शेजारीण आजार ओळखते."

पण घरात चूल एक, भाजी एक. मी एकटा मिरची कशी सोडणार? हकीमसाहेब दाढी कुरवाळत बाहेर आले आणि वडिलांना म्हणाले, "भाऊ, मी सांगतो तवर घरात मिरची बंद. कायले ते इचारू नका."

वडिलांनी विचारलं नाही. मानमोडीच्या तापाची साथ येऊन गेल्याला दोन-तीनच वर्षं झाली होती. हवाच बिघडली असणार, हे त्यांनी स्वतःच ठरवलं आणि मिरचीच्या ढिगामागं बसून येणाऱ्या-जाणाऱ्यालाही मिरची बंद करायला सांगू लागले.

"मंग तुमी कायले इकून राह्यले?" एका बाईनं विचारलं.

"घेऊन ठेवा, बाई. खाऊ नका."

बाई मेथी घेऊन गेली. आमची मिरची तशीच परत आली. पुढच्या बाजारीही तेच.

दर बाजारी हकीमसाहेब दारातून माझ्याकडे बघायचे आणि मी हळूच मान हलवायचो, अजून नाही. तिसऱ्या बाजारापर्यंत मी ठणठणीत झालो होतो. तरी मान हलवली. कारण सांगायला लाज वाटते: मिरची नाही म्हणून आई रोज तुपाची फोडणी देऊन कढी करायची. वडील भाकरी मोडायचे, त्यांचा हात ठेच्याच्या जागी जायचा आणि रिकामाच परत यायचा. मला ते दिसायचं. मी वाटी पुढं करायचो.

त्यानंतरच्या बाजारी वडिलांनी सकाळीच निम्मी मिरची बाजूला काढली आणि म्हणाले, "हे नेऊन काय करतं?" ते ऐकून मला कढी गोड लागेना. बाजारात पोचल्याबरोबर मी पोत्यावर पाय पसरून ऐसपैस बसलो.

हकीमसाहेब रस्ता ओलांडून आले. "भाऊ, आजपासून खा."

"हवा सुधरली?"

ते माझ्याकडे बघत होते. "आराम दिसते."

वडिलांनी ढिगातली एक लांब मिरची उचलून तिथंच कचकन चावली. डोळ्यांत पाणी आलं, तरी हसत दुसरी माझ्यापुढं धरली. "घे, तूबी खा."

"त्याले राहू द्या," हकीमसाहेब म्हणाले. "बसला हाये, बसू द्या."