पालथं पातेलं

लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. सासर बेंबळीला. नवरा उमरग्याला मास्तर. तिथल्या शाळेत उर्दू जाऊन मराठी आली, त्याला फार दिवस झाले नव्हते. दिवसभर पुरुषमाणसं शेतात आणि घरात आम्ही तिघी: सासूबाई, थोरल्या जाऊबाई आणि मी. जाऊबाईंना सातवा महिना होता. आधी दोनदा पोटातच गेलं होतं, म्हणून सगळे त्यांच्याभोवती दबकत वावरायचे.

त्या दुपारी त्या म्हणाल्या, "लई दिवस झाले, आंब्याची फळं खावी वाटत्यात."

सासूबाई शेजारी शेवया करायला गेल्या होत्या. मी लगेच पदर खोचला. आपण किती सुगरण आहोत हे दाखवायची मला भारी खुमखुमी. पाडाच्या आंब्यांचा रस काढला, गूळ आणि सुंठ घातली. कोपऱ्यात एक पितळी पातेलं पालथं होतं. माझ्या माहेरी घासलेली भांडी पालथीच ठेवत, म्हणून आत न बघताच तेच चुलीवर चढवलं. रस रटरटला तसे कणकेचे चपटे गोळे त्यात सोडले. हीच ती फळं. वर झाकण ठेवलं की वाफ जिरेपर्यंत उघडायचं नाही, नाहीतर ती आत कच्ची राहतात. मी उघडलं नाही. शहाणी ना मी!

जाऊबाईंनी वाटीभर खाल्लं. "जरा कसंतरी लागतंय," म्हणाल्या. मला रागच आला. नाव ठेवायचं तर आंब्याला ठेवा, म्हटलं मनात. उरलेलं दुसऱ्या भांड्यात काढायला गेले आणि तळाला हिरवट झाक दिसली. कल्हई पार उडाली होती. आंबट रसात पितळ उतरून सगळं कळकलं होतं, विषासारखं.

खरं सांगते, पहिला विचार जाऊबाईंचा आला नाही. आता माझी माहेरी रवानगी होणार, हाच आला. पातेलं घासून टाकलं तर कुणाला काय कळतंय? राख हातात घेतलीसुद्धा. तेवढ्यात आतून जाऊबाईंनी पाणी मागितलं. त्यांचा आवाज मला बारीक वाटला. राख टाकून मी अनवाणी शेजारी पळाले.

"आत्याबाई, म्या पालथ्या पातेल्यात आंबा शिजवला. अक्कांनी खाल्ला."

सासूबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हातातल्या शेवया टाकून त्या धावत घरी आल्या, कोमट मिठाचं पाणी पाजून जाऊबाईंना ओकायला लावलं आणि विचारलं, "पोटातलं हलतंय का?"

जाऊबाईंनी पोटावर हात ठेवला. "सकाळी हलत हुतं. आता न्हाय."

मग आम्ही तिघी भिंतीला टेकून बसलो. सासूबाई एकदाच म्हणाल्या, "कल्हईला द्यायचं भांडं आपल्याकडं पालथं ठेवत्यात. इचारायचं तरी हुतंस." मी मनात तुळजापूरच्या देवीला काय काय कबूल करत होते, ते आता आठवतही नाही. जाऊबाईंकडं बघायचा मला धीर नव्हता. दारातलं ऊन ओट्यावरून अंगणात उतरलं, तरी त्यांचा हात पोटावर तसाच.

अचानक त्यांनी माझं मनगट धरलं. आता मला बोलणार, असं वाटून मी डोळे मिटले. त्यांनी माझा हात ओढला आणि आपल्या पोटावर दाबून धरला. आतून एक लाथ बसली. मग दुसरी.

"हललं का गं?" सासूबाईंनी मला विचारलं.

मी त्यांचा हात ओढला आणि माझ्या हाताशेजारी, जाऊबाईंच्या पोटावर ठेवला.