बावीसचा एव्हरेज

नत्थूजींची अल्टो एका लिटरमध्ये बावीस किलोमीटर जाते, हे हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत कोणाले माहीत नसेल तर तो कालच राहाले आला असेल. गाडी पंधरा वर्षांची. माणूस भेटला की हे आधी एव्हरेज सांगणार, मग त्याची तब्येत विचारणार. उमरेडच्या विणकराच्या घरचे. तुटलेला धागाही गाठ मारून वापरायची सवय. जन्मभर कोराडीले वीज बनवली, पण घरचा पंखा दोनच्या वर गेला नाही. गाडीतही तेच. सिग्नलले इंजिन बंद, अन् ए.सी. तर कधीच नाही. का तर एव्हरेज पडतो.

शेजारी बसायची त्यांची बायको, माझी मैत्रीण कुसुमावती. भर उन्हाळ्यात ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन हसायची. "सिंधूताई, ही गाडी म्हणजे माझी सवत. पण खाते कमी, म्हणून चालते."

मले राग यायचा. "तू बोलत काहून नाही वं?"

"राहू द्या न. त्यांचा तेवढाच तर शौक आहे."

मागच्या मे महिन्यात तिच्या छातीत दुखाले लागलं. दुपारचे दोन वाजले होते. आम्ही दवाखान्यात निघालो, मी मागच्या सीटवर. मानेवाडा चौकाच्या अलीकडे कुसुमनं हात पुढं केला अन् ए.सी.चं बटन फिरवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. नत्थूजींनी समोरची नजर न काढता तिचा हात बाजूले केला अन् बटन बंद केलं. रागानं नाही, निव्वळ सवयीनं. "आलाच न दवाखाना," म्हणाले. चौकात सिग्नल लागला, तर इंजिनही बंद केलं. तिनं दुपट्टा डोक्यावर ओढून घेतला. अन् मी, गल्लीभर तोंड चालवणारी, गप्प बसली. त्याचा राग मले अजून येते.

तिसऱ्या दिवशी कुसुम गेली. डॉक्टर म्हणाले, नस बंद झाली होती, उन्हाचा काही संबंध नाही. मी हे नत्थूजींले दहा वेळा सांगितलं. ते मान हलवत.

त्यांचा मुलगा संजीव पुण्याले असतो. त्याचा फोन आला, "काकू, बाबाले समजवा. दिवसदिवस त्या गाडीतच बसून राहतात. विकून टाका म्हणा." मलेही पटलं. इतवारीतले भांडेवाले आनंदराव यांले गाडी पाहाले मीच बोलावलं. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली अन् विचारलं, "एव्हरेज काय देते?"

मले वाटलं, आता नत्थूजी खुलतील.

"चौदा," नत्थूजी म्हणाले.

आनंदराव आल्या पावली परत गेले. मी भडकली. "भाऊजी, खोटं काहून बोलले?"

"खोटं नाही, ताई. चौदाच देते आता. चला, बाजारात सोडतो तुम्हाले."

मी पुढचं दार उघडलं.

"मागं बसा न, ताई."

मी मागं बसली. त्यांनी गाडी सुरू केली, काचा वर घेतल्या अन् ए.सी. पूर्ण फिरवला. हवेच्या मधल्या दोन्ही जाळ्या डावीकडं वळवलेल्या होत्या, कुसुमच्या रिकाम्या सीटकडं. स्वतःकडची जाळी बंद. त्यांचा सदरा घामानं पाठीले चिकटला होता. मले रडू आवरेना, पण त्यांनी वळून पाहिलं नाही.

मानेवाड्याचा सिग्नल लागला. चांगला दीड मिनिटाचा. त्यांनी इंजिन बंद केलं नाही.