शेवटच्या बाकावरचा ब्राउझर

पुणतांब्याच्या शाळेत आमचे गुरुजी फळ्यावर लिहून झालं की विचारायचे, "शेवटच्या बाकावर दिसतंय का?"

मंडळी, आज ते आठवलं. आपल्या मंडळाचं इंटरनेटवरचं पान माझे दीर अमेरिकेतून सांभाळतात. श्रीरामपूरच्या घरातला कॉम्प्युटरही त्यांनीच जाताना ठेवलेला. त्यावरचा जुना ब्राउझर मी चित्रं बंद करून आजवर कसाबसा चालवला. दर रविवारी पानावरचं त्यांचं लिखाण सासूबाईंना वाचून दाखवते, कारण घरी ते पत्र लिहीत नाहीत.

आज त्यांनी पान नवं केलं. आमच्याकडे नुसता करडा पडदा.

सासूबाई चष्मा पुसून बसलेल्या. "काय लिवलंय गं त्यानं?"

"उघडत नाही, आत्याबाई."

"मग त्याला सांग की, आईला दिसंना म्हणावं."

मेलनं कळवलं. संध्याकाळी उत्तर आलं, "वहिनी, तो डबा टाका आता, नवा घ्या."

मेल अजून जाते, म्हणून मंडळाच्या सगळ्यांना ही मेल सर्वांदेखत लिहिते. भाऊजी, नव्या पानाशेजारी जुनं साधं पानही राहू द्या, नाहीतर आईला एक कार्ड टाका. दोन्हींना वेळ नाही म्हणाल, ठाऊक आहे. तरी विचारते.