अक्काने मागितलेली ओवाळणी

भाच्याचा धुळ्याहून सकाळीच फोन आला. "मामा, आई गेली," एवढेच तो बोलू शकला. मी "निघतो" म्हणालो आणि जळगावहून मिळेल ती बस धरली. त्याला आता काही आठवडे झाले. अक्का माझी थोरली बहीण. चारचौघांत सांगावे असे कर्तृत्व तिच्या नावावर नाही. तरी लिहितो आहे, कारण तिने मला उतारवयात एक सवय लावली आणि ती सुटत नाही.

मूत्रपिंडे निकामी झाल्यापासून तिचे डायलिसिस चालू होते आणि डॉक्टरांनी पाणी तोडले होते. दिवसाची एक लोटी, तीही औषधांसह. धुळ्याच्या उन्हाळ्यात माणूस तेवढ्यावर कसा राहतो, हे राहिलेल्यालाच ठाऊक... अक्का घोट तोंडात धरी, डोळे मिटी, सावकाश गिळी आणि समाधानाने हात जोडी. मला त्याचा राग येई. पत्नी गेल्यापासून मी भाऊबीज सोडून बाकी सणवार बंद केले होते. ज्या देवाने नेले त्याचे आभार कसले, असे मी तिला एकदा स्पष्टच विचारले. ती म्हणाली, "त्याना नको मानू रे. भाकरना मान."

गेल्या भाऊबीजेला साडी घेऊन धुळ्यास गेलो. उभे राहवत नव्हते, म्हणून तिने खुर्चीत बसूनच ओवाळले. साडी मात्र परत केली. "हाई मन्ही सूनले दे. माले ओवाळनी दुसरी जोयजे. रोज सांजले फोन कर आन दिनभरनी एक चांगली गोट सांग. खरी सांगजो."

"आणि चांगले काही घडलेच नाही तर?"

"तर मंग मन्हा भाऊ खोटारडा शे, आसं समजसू."

आपल्यामागे हा घुम्या माणूस कोणाशी बोलणार, ही तिची काळजी होती. स्वतःच्या दुखण्याची नव्हती. भाच्याने ते मला निघताना दारात सांगितले.

पहिल्या संध्याकाळी मी म्हणालो, "काही नाही."

"नळले पानी उनं का?"

"आले."

"कितलं?"

"दोन पिंपे भरली."

"वा रे पठ्ठ्या!" ती लहान मुलीसारखी हसली. लोटीभर पाण्यावर दिवस काढणारी बाई माझ्या भरलेल्या पिंपांनी सुखावली... त्यानंतर मला "काही नाही" म्हणता आले नाही. दिवाळी सरली, थंडी पडली, फोन चालू राहिला. भरताची वांगी बाजारात आली तेव्हा लागोपाठ दोन दिवस मी तेच सांगितले. "कालबी वांगंच व्हतं. दुसरं सांग," असा दम मिळाला. मग मी दिवसा शोधू लागलो. शोधू लागले की सापडते, ही त्यातली अडचण.

शेवटच्या फोनवर तिचा आवाज खोल गेला होता. मी सांगितले, ओट्यावर ऊन चांगले होते, बराच वेळ बसलो.

"एकलाच?"

"शेजारचे आबा होते."

"बोलनात का?"

"बोललो."

ती म्हणाली, "बस. आते माले झोप येस."

दिवसकार्य उरकून मी घरी आलो. संध्याकाळ झाली की हात फोनकडे जाई आणि थांबे. असे काही दिवस गेले. मग एका सांजवेळी शेजारच्या ओट्यावर जाऊन बसलो. आबा सवयीने म्हणाले, "काय नाना, काय विशेष?" मी म्हणालो, "आज माझ्या हातची भाकरी फुगली." आबा माझ्याकडे पाहत राहिले. असले घरचे बोलणे त्यांना माझ्याकडून अपेक्षित नसावे. मग त्यांनी स्वतःचा पाय लांब केला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "मन्हा गुडघा आज कमी दुखना."

आता रोज सांजवेळी मी एक गोष्ट सांगतो, ते एक सांगतात. त्यांची बहुधा गुडघ्याचीच असते. मी ऐकून घेतो.